असीरचा बाज : खानदेशचे राज्य बुडाले त्या सुमाराची सुवर्णमोहर

लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या नाणेसंग्रहात अकबर बादशहाच्या काळातील एक सोन्याची मोहर जपून ठेवलेली आहे. तिच्या एका बाजूला बाज, म्हणजे शिकारी ससाणा, उभा आहे आणि त्याच्या भोवतीच्या मोकळ्या जागेत फुलापानांची नाजूक नक्षी आहे. दुसऱ्या बाजूला फारसी लिपीत मोजकेच शब्द आहेत : ‘अल्लाहू अकबर’, ‘इस्फंदारमुज इलाही ४५’ आणि ‘जर्ब असीर’. त्यात राजाच्या पदव्या नाहीत आणि विजयाचे वर्णनही नाही. तरीही खानदेशच्या इतिहासात इतक्या थोड्या अक्षरांत इतका मोठा निकाल नोंदवणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही. ज्या असीरच्या किल्ल्यावर हे नाणे पाडले गेले तो किल्ला पडला, त्याच वेळी दोनशे वर्षांहून अधिक काळ स्वतःच्या पायावर उभे असलेले खानदेशचे फारुकी राज्य संपले.

‘जर्ब’ म्हणजे ठोकून पाडलेले. नाणे कोणत्या टांकसाळीत तयार झाले हे या शब्दापुढे लिहिण्याची पद्धत होती. असीर म्हणजे आजचा असीरगड. बऱ्हाणपूरच्या उत्तरेला सुमारे वीस किलोमीटरवर, सातपुड्याच्या एका सुट्या डोंगरावर, पायथ्यापासून साधारण अडीचशे मीटर उंचीवर तो उभा आहे. आज तो मध्य प्रदेशात मोडतो, त्यामुळे जळगाव-धुळ्याच्या माणसाला तो परका वाटू लागला आहे. पण फारुकींच्या काळात असीर आणि बऱ्हाणपूर हीच खानदेशची मुख्य ठाणी होती. भुसावळहून खंडव्याकडे जाणारी रेल्वे आजही त्याच खिंडीच्या आसऱ्याने जाते, जिच्यावर पहारा ठेवण्यासाठी हा किल्ला बांधला गेला.

आता तारखेकडे वळू, कारण या नाण्याचे खरे मर्म तारखेत आहे. अकबराने १५८४ मध्ये ‘इलाही’ नावाची नवी कालगणना सुरू केली. ती सौर वर्षावर आधारलेली होती, तिच्या महिन्यांना जुन्या इराणी महिन्यांची नावे होती आणि वर्षांची मोजणी अकबराच्या राज्यारोहणानंतरच्या नवरोजपासून (इराणी नववर्षदिनापासून), म्हणजे मार्च १५५६ पासून, धरली होती. पहिले वर्ष मार्च १५५६ ते मार्च १५५७, तर पंचेचाळिसावे वर्ष मार्च १६०० ते मार्च १६०१. इस्फंदारमुज हा त्या वर्षाचा बारावा आणि शेवटचा महिना. याचा अर्थ ही मोहर १६०१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पाडली गेली. असीरगड मोगलांच्या हाती पडला तो जानेवारी १६०१ मध्ये. किल्ल्याचा ताबा आणि नाण्याचा ठोका यांत एक-दोन महिन्यांपेक्षा जास्त अंतर नाही. मध्ययुगातील बहुतेक नाण्यांवरून आपल्याला राजा आणि फार तर वर्ष कळते. इथे महिना कळतो, आणि तो महिना ठाऊक असल्यामुळेच हे नाणे एका विशिष्ट घटनेशी इतक्या खात्रीने जोडता येते.

नाण्यावर कालगणनाही राजाचीच असावी, यामागे एक राजकीय समजूत होती. मध्ययुगीन इस्लामी राज्यपरंपरेत सार्वभौम सत्तेच्या दोन खुणा मानल्या जात : शुक्रवारच्या नमाजात ज्याच्या नावाने खुतबा, म्हणजे प्रवचन, वाचला जातो तो राजा, आणि ज्याचा शिक्का चालतो तो राजा. मांडलिक राजाला कर देऊन, भेटी पाठवून किंवा मुलगी देऊन आपले राज्य राखता येई, पण शिक्का कोणाचा या प्रश्नाला बगल देता येत नसे. अकबराच्या सुरुवातीच्या नाण्यांवर कलमा आणि पहिल्या चार खलिफांची नावे असत, शिवाय हिजरी वर्ष असे. इलाही नाण्यांवरून ते सगळे गेले. बादशहाचे नावसुद्धा पुष्कळदा लिहिले जात नसे, कारण वर्ष आणि महिना हेच त्याचे होते आणि बाजारात नाणे हातात घेणाऱ्याला तेवढे पुरेसे होते. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत याच्या जवळजवळ अकरा वर्षे आधीचा एक लेख आहे. राजा अली खान फारुकी याने ती मशीद बांधवली तेव्हा अरबी लेखाच्या जोडीला संस्कृत लेखही कोरवला, त्यात फारुकी घराण्याची वंशावळ दिली आणि काळ सांगताना शके १५११ व विक्रम संवत १६४६ ही वर्षे आपल्या पंचांगाच्या पद्धतीने तिथी-नक्षत्रांसह नोंदवली. प्रजा ज्या पंचांगाने पेरणी आणि सण ठरवत होती, त्याच पंचांगात त्या राजाने आपली मशीद मांडली. तो लेख आणि ही मोहर शेजारी शेजारी वाचली, तर खानदेशात काय बदलले ते पुष्कळ अंशी स्पष्ट होते.

फारुकी कोण होते हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाने १३७० मध्ये मलिक राजा नावाच्या सरदाराला थाळनेर आणि करवंद हा मुलूख दिला. ही दोन्ही गावे आजच्या शिरपूर तालुक्यात आहेत. १३८२ च्या सुमारास मलिक राजा स्वतंत्रपणे वागू लागला, आणि त्याचा मुलगा नसीर खान याने असीरचा किल्ला घेऊन तापीकाठी बऱ्हाणपूर वसवले. असीरचा आधीचा धनी आसा अहीर नावाचा श्रीमंत गवळीराजा होता आणि किल्ल्याचे नाव त्याच्यावरून पडले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. थाळनेरला आजही फारुकींच्या कबरी आहेत, आणि तापीच्या काठावरचे ते घुमट पाहिले म्हणजे या घराण्याची पहिली मुळे आपल्याच धुळे जिल्ह्यात होती हे लक्षात येते. गुजरात, माळवा, बहमनी आणि पुढे अहमदनगर अशा बलाढ्य शेजाऱ्यांच्या मध्ये सापडलेले हे छोटे राज्य कधी एकाला, कधी दुसऱ्याला वडीलपणाचा मान देत टिकून राहिले. फारुकींची म्हणून ओळखली जाणारी नाणी थोडी आहेत आणि ती तांब्याची आहेत. म्हणूनच खानदेशच्या मुख्य किल्ल्याचे नाव असलेली इतकी देखणी सोन्याची मोहर निघाली ती नेमकी त्याच्या पाडावाच्या वेळी, हे मनाला लागते.

छोट्या राज्यासाठी अकबरासारख्या सम्राटाने जवळजवळ वर्षभर स्वतः येऊन का बसावे? याचे उत्तर रस्त्यात आहे. १५७२-७३ मध्ये गुजरात जिंकल्यावर सुरतेचे बंदर मोगलांकडे आले. सुरतेला जहाजांतून उतरणारे चांदी-सोने आणि इतर माल आग्र्याकडे नेण्याची एक मोठी वाट तापीच्या खोऱ्यातून जात होती. पुढे १६१५ मध्ये इंग्रज राजदूत सर टॉमस रो सुरतेहून निघाला तेव्हा तो नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर अशा गावांवरून बऱ्हाणपूरला पोचला. ती हीच वाट. बऱ्हाणपूरहून उत्तरेला माळव्यात जायचे तर असीरच्या पायथ्यावरून जावे लागे, आणि उत्तरेतून दख्खनमध्ये उतरायचे तरी तेच. अहमदनगर आणि विजापूरकडे सैन्य पाठवायचे, तर पाठीमागचा हा दरवाजा दुसऱ्याच्या हाती ठेवणे अकबराला परवडणारे नव्हते.

तरीही फारुकी आणि मोगल यांच्यात सुरुवातीला वैर नव्हते. राजा अली खानाने अकबराचे वर्चस्व मान्य केले होते आणि तो मोगलांच्या बाजूने लढायलाही गेला. १५९७ च्या सुरुवातीला गोदावरीकाठी सोनपेठजवळ मोगल सेनापती खानखानान अब्दुर्रहीमची विजापूरच्या सुहेल खानाशी मोठी लढाई झाली. तीत राजा अली खान मोगलांसाठी लढता लढता मारला गेला. रात्रीच्या गोंधळात तो शत्रूला मिळाला असा संशय घेऊन मोगल सैनिकांनी त्याचीच छावणी लुटली. दुसऱ्या दिवशी रणांगणावर त्याचे प्रेत सापडले तेव्हा खरे काय ते कळले. त्याचा मुलगा बहादूरशहा गादीवर बसला तो ही आठवण घेऊनच. पुढे अकबराचा मुलगा शाहजादा दानियाल बऱ्हाणपूरवरून गेला तेव्हा बहादूरशहा त्याच्या भेटीला आला नाही, आणि दरबारी इतिहासकारांनी हाच त्याचा मोठा अपराध म्हणून लिहून ठेवला. पित्याच्या छावणीची झालेली लूट मात्र त्या अपराधाच्या पारड्यात कोणी घातली नाही. मला हे अन्यायाचे वाटते, आणि या नाण्याचा इतिहास सांगताना तो अन्याय वगळू नये असेही वाटते.

१६०० च्या वसंतात अकबर बऱ्हाणपूरला आला. शहर लढल्याशिवाय हाती आले, कारण बहादूरशहा सगळी तयारी करून असीरवर जाऊन बसला होता. किल्ला म्हणजे एकच तट नव्हता. असीर, कमरगड आणि मालईगड अशी एकाला एक लागून संरक्षणाची तीन ठाणी होती, वर पाण्याची सोय होती, धान्याचे आणि दारूगोळ्याचे मोठे साठे होते आणि तोफा चालवायला काही पोर्तुगीज गोलंदाजही होते. मोगलांच्या तोफा या डोंगरापुढे फारशा चालल्या नाहीत. महिनेच्या महिने गेले. मालईगड अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फज्ल याच्या तुकडीने दोर आणि शिड्या लावून घेतला, पण मुख्य किल्ला तसाच उभा राहिला. डिसेंबरात बहादूरशहा वाटाघाटीसाठी खाली उतरला आणि त्याला परत वर जाऊ दिले गेले नाही. राजा छावणीत अडकून पडल्यावर किल्ला आपोआप उघडेल अशी मोगलांची अटकळ होती, परंतु वृद्ध हबशी किल्लेदार याकूत खान याने दरवाजा उघडला नाही. पुढे सोबतचे लोकच लढायला तयार नाहीत असे दिसल्यावर त्याने स्वतःचे जीवन संपवले.

शेवटी किल्ला पडला कसा, यावर दोन कहाण्या आहेत. अबुल फज्ल आणि दरबाराच्या बाजूचे लेखक सांगतात की किल्ल्यात कोंडलेल्या माणसांत आणि जनावरांत रोगाची साथ पसरली, लोकांचे पाय सुजू लागले, डोळ्यांची दृष्टी जाऊ लागली, हजारो माणसे मेली आणि उरलेल्यांचा धीर सुटला. छावणीत अकबराबरोबर असलेला जेझुइट पाद्री जेरोम झेवियर आणि त्याच्या सोबत्यांकडून युरोपात पोचलेल्या वृत्तांतात वेगळी हकिकत आहे : तोफांनी काम होईना तेव्हा बादशहाने किल्ल्यातल्या सरदारांना सोने-चांदी वाटली आणि दरवाजा उघडून घेतला. गेल्या शतकातील इतिहासकार यावर पुष्कळ भांडले. माझ्या मते दोन्ही कारणे एकमेकांना पूरक ठरू शकतात. आजारी, थकलेल्या आणि राजा हातचा गेलेल्या माणसाला लाच देणे सोपे असते. जेझुइटांची हकिकत खरी धरली, तर बाजाची मोहर पाडण्यापूर्वी महिना-दोन महिनेच आधी सोन्याने याच किल्ल्यावर आपले काम केलेले होते.

किल्ल्यावर नाणे पाडायचे तर तिथे टांकसाळ हवी, आणि असीर हे काही टांकसाळीचे गाव नव्हते. मोगलांची छावणी म्हणजे चालते शहर असे. तिच्यात बाजार, कारखाने, कचेऱ्या आणि खजिना सगळे बरोबर चाले, आणि छावणीत नाणी पाडण्याची प्रथाही होती. अकबराच्या काही नाण्यांवर टांकसाळीच्या जागी ‘उर्दू जफर करीन’, म्हणजे विजयी छावणी, असेच लिहिलेले आढळते. तेव्हा असीरला पक्की इमारत नसली तरी अडचण नव्हती. लागत होते ते सोने, भट्टी, ऐरण, हातोडा आणि ठसा कोरणारा कसबी माणूस.

टांकसाळीचे काम कसे चाले याचे बारीक वर्णन अबुल फज्लने ‘आइने-अकबरी’ या अकबराच्या राज्यकारभारावरील ग्रंथात करून ठेवले आहे. दारोगा, सराफ, अमीन, हिशेबनीस, तोलणारा, धातू वितळवणारा, पत्रा करणारा, अशी माणसांची साखळीच तिथे आहे. शुद्ध केलेले सोने ओतून त्याचे गज करीत, मग त्यांचे ठरलेल्या वजनाचे गोल तुकडे कापीत आणि कमीजास्त असेल ते तिथल्या तिथे बरोबर करीत. यानंतर खरा कस लागे तो ठसे कोरणाऱ्याचा. पोलादाच्या दोन ठशांवर अक्षरे आणि चित्र उलटे कोरावे लागते, म्हणजे नाण्यावर ते सुलटे उमटते. अबुल फज्लच्या काळी हे काम दिल्लीचा मौलाना अली अहमद पाहत होता आणि त्याच्या तोडीचा कारागीर कुठल्याच देशात नाही असे अबुल फज्ल लिहितो. एक ठसा खाली पक्का बसवलेला, त्यावर सोन्याची चकती, चकतीवर दुसरा ठसा. एक माणूस तो नीट धरतो आणि दुसरा वरून घण मारतो. ठसा जराही हलला तर चित्र दुहेरी उमटते, घाव हलका पडला तर पिसांच्या रेघा उठत नाहीत. नेहमीच्या नाण्यावर नुसती अक्षरे असतात, त्यामुळे थोडे इकडे-तिकडे झाले तरी चालून जाते. बाजाच्या मोहरेवर मात्र डोळा, चोच आणि पंखावरची रेघ न् रेघ स्वच्छ उमटायला हवी होती.

सोने किती अस्सल आहे हे ठरवण्याची रीतही तिथेच दिली आहे, आणि जळगावच्या सराफ बाजारात वावरणाऱ्या माणसाला ती लगेच ओळखीची वाटेल. ठरावीक शुद्धतेच्या सोन्याचे तुकडे टोकांवर बसवलेल्या सुया तयार करीत. तपासायचे सोने कसोटीच्या काळ्या दगडावर घासायचे, शेजारी सुयांच्या रेघा ओढायच्या आणि कोणत्या सुईच्या रंगाशी रेघ जुळते ते पाहायचे. या तपासणीला ‘बनवारी’ म्हणत. शुद्धता ‘बान’ या मापाने सांगत, आणि हिंदुस्थानात सर्वांत शुद्ध सोने बारा बान्यांचे समजले जाई. या काटेकोर तपासणीत जुने समज कोसळले. अलाउद्दीन खलजीची लहान सोन्याची नाणी बारा बान्यांची मानली जात होती, ती साडेदहाची निघाली. दख्खनमध्ये चालणारा होन दहा बान्यांचा समजत, तो साडेआठचा ठरला. शुद्धतेचे माप ठरवण्याचा अधिकार बादशहाकडे आला, म्हणजे इतरांच्या नाण्यांची किंमत ठरवण्याचा अधिकारही त्याच्याकडे आला. दख्खनच्या बाजारपेठांवर नजर ठेवून असलेल्या सत्तेसाठी ही फार मोठी गोष्ट होती.

मोहरेची किंमत किती होती, हे सांगितल्याशिवाय तिचे वजन कळणार नाही. गोल मोहर अकरा मासे वजनाची, म्हणजे साधारण अकरा ग्रॅमची, आणि तिचा दर नऊ रुपये असे ‘आइने’ सांगते. याहून थोड्या जड मोहराही होत्या, त्यांचा दर दहा रुपये होता. रुपया चांदीचा, आणि एका रुपयाचे तांब्याचे चाळीस दाम. म्हणजे नऊ रुपयांच्या मोहरेचे ३६० दाम झाले. त्याच ग्रंथात साध्या मजुराचा रोज दोन दाम आणि ज्वारीचा भाव मणाला दहा दाम दिला आहे. अकबरी मण सुमारे पंचवीस किलोचा. या हिशेबाने एका मोहरेला ३६ मण, म्हणजे आजच्या मापाने साधारण नऊ क्विंटल ज्वारी आली असती, आणि साध्या मजुराला तेवढे मिळवायला १८० दिवस राबावे लागले असते. हे भाव दरबाराच्या दफ्तरातले आहेत, खानदेशच्या एखाद्या आठवडे बाजारातले नव्हेत, हे ध्यानात ठेवूनही अंदाज चुकत नाही : ज्या शेतकऱ्यांच्या राज्याचा शेवट या नाण्याने जाहीर केला, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या हाती ते कधी आलेच नसणार. रोजचा व्यवहार तांब्यात, व्यापार आणि शेतसारा चांदीत, तर सोने खजिन्यात, नजराण्यात आणि मानाच्या देणगीत, अशी तिन्ही धातूंची कामे वाटलेली होती. बाजाची मोहर दरबारात, सरदारांच्या हातांत फिरावी म्हणून होती.

शेतकऱ्याला विजय कळला तो वेगळ्या वाटेने. ‘आइने-अकबरी’त या सुभ्याचे वर्णन आहे आणि ते वाचताना आपल्या मातीचा अभिमान वाटतो. पडीक जमीन जवळजवळ नाही, मुख्य पीक ज्वारीचे, काही ठिकाणी वर्षाला तिची तीन पिके निघतात आणि तिचा दांडा इतका गोड की लोक तो फळासारखा खातात. धरणगावला उत्तम कापड विणले जाते. चोपडा मोठे, भरवस्तीचे गाव आहे. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम पवित्र मानतात. पण याच प्रकरणात साऱ्याचे आकडे आहेत. सुभ्यात ३२ परगणे होते आणि त्यांचा ठरलेला सारा १,२६,४७,०६२ वऱ्हाडी टंके होता. असीर जिंकल्यावर तो दीडपट केला, असे अबुल फज्ल सरळ लिहितो. एक टंका चोवीस दामांचा धरून नवी बेरीज ४५,५२,९४,२३२ दाम दिली आहे. आकडेमोड करून पाहिली तर ती दामादामापर्यंत बरोबर जुळते. वाढ तेवढी वेगळी काढली तर ती सुमारे ३८ लाख रुपये, म्हणजे नऊ रुपयांच्या दराने जवळजवळ सव्वाचार लाख मोहरा होते. आकारलेला सारा आणि प्रत्यक्ष वसूल झालेला सारा यांत नेहमीच अंतर असे, तेव्हा हे सगळे पैसे खजिन्यात पोचले असे मी म्हणणार नाही. परंतु नव्या धन्याने खानदेशच्या शेतावर पहिला हात कसा टाकला, हे या आकड्यांतून जेवढे दिसते तेवढे कुठल्याही विजयलेखात दिसत नाही.

आता बाजच का, हा प्रश्न उरतो. अकबराला शिकारी पक्ष्यांचा मोठा षोक होता. त्यांचे रखवालदार, त्यांचा खुराक, त्यांच्यासाठी ठरलेली बक्षिसे यांची तपशीलवार नोंद दरबाराच्या दफ्तरात आहे. बाज हा उंचावरून भक्ष्य हेरून झडप घालणारा पक्षी, आणि असीर हा उंचावरचा किल्ला. तेव्हा विजयाचे चिन्ह म्हणून त्याची निवड झाली असे बहुतेक नाणेतज्ज्ञ मानतात आणि ते पटण्यासारखे आहे. इतके महिने धीर धरून मिळवलेल्या शिकारीचे ते चित्र आहे. नाण्यावर प्राण्याचे किंवा माणसाचे चित्र काढणे तेव्हा अगदी असाधारण होते. अकबराने ते पुढेही केले, पण क्वचित : इलाही ५० या वर्षीची, आग्र्याला पाडलेली, बदकाचे चित्र असलेली मोहर आणि त्याच वर्षीची धनुर्धारी राम व सीता यांची चित्रे असलेली नाणी प्रसिद्ध आहेत. त्याचा मुलगा जहांगीर याने १६१८ पासून राशींची चित्रे असलेली नाणी काढली. या सगळ्या चित्रनाण्यांच्या मालिकेत असीरचा बाज आधीचा आहे, आणि लढाईतील विजयाशी इतक्या थेट जोडलेला असा तोच.

किल्ला घेतल्यावर अकबर इथे फार रेंगाळला नाही. शाहजादा सलीम (पुढचा जहांगीर) उत्तरेत अलाहाबादेला आपला स्वतंत्र दरबार थाटू लागला होता आणि बादशहाला परतणे भाग होते. त्याच वर्षी तो आग्र्याला गेला. बहादूरशहाला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत पाठवले. खानदेशची सुभेदारी दानियालला मिळाली आणि त्याच्या नावावरून सुभ्याचे नाव ‘दानदेश’ ठेवले गेले. ‘आइने-अकबरी’त या प्रकरणाचे शीर्षकही तेच आहे. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत, राजा अली खानाच्या लेखांच्या जवळच, अकबराच्या या स्वारीचा फारसी लेख कोरला गेला. दानियाल १६०५ मध्ये बऱ्हाणपूरलाच वारला, त्याच वर्षी अकबरही गेला, आणि दानदेश हे नाव कागदावरून हळूहळू पुसले गेले. लोकांनी ते बोलण्यात कधी रुजवले असेल असे मला वाटत नाही, कारण इथल्या माणसाच्या तोंडी खानदेश होता तो खानदेशच राहिला.

नाणी पाडण्याचे काम पुढे बऱ्हाणपूरला स्थिरावले. तापीच्या काठचे ते व्यापारी शहर सोन्या-चांदीच्या वाटेवरच होते, सराफ आणि सावकार तिथेच राहत होते, आणि ‘जर्ब बऱ्हाणपूर’ असे लिहिलेले रुपये अकबराच्या अखेरच्या वर्षांपासून पुढच्या बादशहांच्या काळातही निघत राहिले. ते रुपये खानदेशभर आणि त्यापलीकडे हातोहात फिरले. त्यांच्यावर अक्षरे आहेत, वर्षे आहेत, चित्र नाही.